कॅथलिक पुढारी आणि गर्भपात: चर्चची शिकवण माहीत नसते, की माहीत असून सोडून देतात?

निनाद_शिकागो

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा मनुष्य पक्का कॅथलिक आहे. रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवत नाही, लेंटमधल्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या) शुक्रवारी मांस नाही, मॉनिटरखाली सेंट जोसेफची बोटाएवढी मूर्ती. सप्टेंबर २०२५ मध्ये इथले कार्डिनल कुपिच यांनी सिनेटर डिक डर्बिनना स्थलांतरितांसाठी केलेल्या कामाबद्दल जीवनगौरव द्यायचं ठरवलं, तेव्हा हा आठवडाभर धुमसत होता. डर्बिन कॅथलिक, पण गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने मतदान करणारे. कितीतरी बिशप उघड विरोधात गेले. डर्बिनच्या स्वतःच्या स्प्रिंगफील्डच्या धर्मप्रांतात तर त्यांना २००४ पासून कम्युनियन (मिस्सेतला पवित्र प्रसाद) मिळत नाही. शेवटी डर्बिननीच पुरस्कार नको म्हणून कळवलं.

मित्राचं म्हणणं असं, की या लोकांना लहानपणी कुणी धड धर्मशिक्षणच दिलं नाही, चर्च काय शिकवतं हेच त्यांना ठाऊक नाही. मला हे पटत नाही. सत्तरी-ऐंशीतली, जन्मापासून चर्चमध्ये वाढलेली ही माणसं. त्यांना ठाऊक नाही? आणि नेमकी शिकवण आहे तरी काय? 'गर्भपात पाप' याच्या पुढे मलाही काही येत नाही. जाणकारांनी सांगावं.

खडूस

आपले पुढारी कुठे गीता वाचून शपथ घेतात? पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलोय.

मालूताई_न्यूजर्सी

निनाद, मी १९८१ ला इथे आले. टीव्ही बघून बघून इंग्रजी सुधारत होते, त्या काळातली १९८४ ची निवडणूक चांगली आठवते. जेराल्डिन फेरारो उपाध्यक्षपदाला उभ्या. एवढ्या मोठ्या पक्षाकडून पहिलीच बाई, म्हणून आम्ही सगळ्या बायका कौतुकाने बघत होतो. तर न्यूयॉर्कचे आर्चबिशप ओकॉनर (कार्डिनल ते पुढच्या वर्षी झाले) त्यांच्यावर तुटून पडले. आणि कशावरून? त्यांनी मत काय दिलं यापेक्षा, चर्चची शिकवण चुकीची सांगितली यावरून. १९८२ च्या एका पत्रावर फेरारोंची सही होती आणि त्यात म्हटलं होतं की गर्भपाताबद्दल कॅथलिकांची भूमिका एकसंध नाही. फेरारो म्हणत, मी कॅथलिक लोकांबद्दल बोलले. ओकॉनर म्हणत, शिकवण एकच आहे, लोक काय समजतात तो वेगळा विषय. तुझ्या मित्राचं आजचं भांडण तेच आहे बघ, फक्त चाळीस वर्षं जुनं.

त्याच सप्टेंबरात मारिओ कुओमो, आमच्या शेजारच्या न्यूयॉर्कचे गव्हर्नर, नोटर डेम विद्यापीठात गेले आणि तासभर भाषण ठोकलं. मी स्वतः चर्चचं मानतो, पण जे मी श्रद्धेने मानतो ते सगळ्यांवर कायद्याने लादायचं का, एवढाच मुद्दा. नंतरच्या प्रत्येक कॅथलिक डेमोक्रॅटने ते भाषण पाठ केल्यासारखं वापरलंय. वापरून वापरून पार विटलं. पण ते भाषण करणाऱ्याला शिकवण माहीत नव्हती, असं त्याचा वैरीसुद्धा म्हणणार नाही.

वसईवाली

जन्माने आणि मनाने कॅथलिक, वसईची. आठ वर्षं धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मुलांना धर्मशिक्षण शिकवलंय, त्यामुळे राहवत नाही.

निनाद, शिकवणीचे दोन मजले आहेत. तळमजला सगळ्यांना माहीत असतो: गर्भधारणेपासून माणसाचा जीव, तो जाणूनबुजून घेणं गंभीर पाप. आमच्या दहा वर्षांच्या पोरालाही हे येतं. वरचा मजला म्हणजे कायदे करणाऱ्याने काय करायचं. तिथे फार कुणी जिना चढून जात नाही. पुढारी नाहीत, मतदार नाहीत, खरं सांगायचं तर आमचे काही फादरही नाहीत.

तेव्हा माझं उत्तर: तळमजला डर्बिनना शंभर टक्के माहीत आहे. न कळण्यासारखं त्यात काय आहे?

प्रश्नचिन्ह

पण बायडनना चर्चने बहिष्कृत केलं होतं ना? मग ते मिस्सेला कसे जायचे?

वसईवाली

@प्रश्नचिन्ह, हाच तो घोळ. बायडनना कुणीही बहिष्कृत केलेलं नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये साउथ कॅरोलायनात फ्लोरेन्स गावच्या एका फादरनी त्यांना कम्युनियन नाकारलं, एवढंच. पुढे वॉशिंग्टनच्या आर्चबिशपांनी आपण देत राहणार असं सांगितलं, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पोप फ्रान्सिसना भेटून आल्यावर बायडन म्हणाले की कम्युनियन घेत राहा असं पोप मला म्हणाले.

चर्चच्या कायद्यात दोन कलमं आहेत, लोक त्यांची मिसळ करतात. १३९७ प्रमाणे प्रत्यक्ष गर्भपात करणारे-करवणारे आपोआप बहिष्कृत होतात. (२०२१ च्या सुधारणेआधी त्याचा क्रमांक १३९८ होता, जुन्या लेखांत तोच दिसेल.) सभागृहात हात वर करणारा आमदार त्यात येत नाही. दुसरं ९१५: उघड, गंभीर पापात हट्टाने राहणाऱ्याला कम्युनियन देऊ नये. सगळी मारामारी या दुसऱ्यावर. 'हट्टाने' म्हणजे किती वेळा समजावल्यावर? 'उघड' कुणाला? ठरवणार कोण? त्या त्या धर्मप्रांताचा बिशप. म्हणून एकच माणूस एका गावात रांगेत उभा राहू शकतो, दुसऱ्या गावात नाही.

तेव्हाच्या अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या अध्यक्ष नॅन्सी पेलोसींचं बघा, त्याही कॅथलिक. २० मे २०२२ ला सॅन फ्रान्सिस्कोचे आर्चबिशप कॉर्डिलिओनी यांनी त्यांना कम्युनियन बंद केलं. २९ जूनला त्याच पेलोसींनी रोमला सेंट पीटर्समध्ये, पोपच्या उपस्थितीतल्या मिस्सेत कम्युनियन घेतलं.

खडूस

म्हणजे जिल्हाबंदी! हद्दपारीची नोटीस ठाण्यात, माणूस मुंबईत.

इतिहासप्रेमी

पेलोसींचा विषय निघालाच आहे तर. ऑगस्ट २००८ मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत त्या म्हणाल्या होत्या की जीव कधी सुरू होतो हे चर्चच्या आचार्यांनाही शतकानुशतकं ठरवता आलेलं नाही, संत ऑगस्टीनपासून हा वाद आहे. बिशपांनी दोन दिवसांत जाहीर कान उपटले.

गंमत अशी की बाईंचं अर्धं बरोबर होतं. ॲरिस्टॉटलच्या मागे जाऊन तेराव्या शतकातले धर्मपंडित थॉमस अक्वायनस मानत की मानवी आत्मा गर्भात लगेच येत नाही, मुलग्यात चाळीस दिवसांनी येतो आणि मुलीत त्याहून बराच उशिरा. (मुलींना तिथेही वेटिंग लिस्ट.) १५८८ मध्ये पोप सिक्स्टस पाचवे यांनी कुठल्याही महिन्यातल्या गर्भपाताला सर्वांत कडक शिक्षा लावली. तीनच वर्षांत, १५९१ ला, ग्रेगरी चौदावे यांनी ती पुन्हा शिथिल केली. 'सजीव' आणि 'निर्जीव' गर्भ हा शिक्षेतला भेद कायमचा गेला तो १८६९ मध्ये, नववे पायस पोप असताना.

म्हणजे आपण आज जे 'सनातन' समजतो त्यातलं बरंचसं आपल्या महात्मा गांधींच्या जन्मवर्षीचं आहे.

वसईवाली

@इतिहासप्रेमी, तारखा बरोबर, निष्कर्ष नाही. बदलत राहिली ती शिक्षा आणि आत्म्याबद्दलचं शास्त्र. पाप की पाप नाही, यात बदल झाला नाही. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या 'दिदाखे' या ख्रिस्ती नियमपुस्तिकेतही गर्भपात करू नका असं स्पष्ट आहे, आणि अक्वायनसही चाळीस दिवसांआधीचा गर्भपात चालेल असं कुठे म्हणत नाही. ३०२ नाही लागलं म्हणून गुन्हाच नाही असं होतं का?

पेलोसींचं नेमकं हेच चुकलं. एका प्रश्नाचं उत्तर त्यांनी दुसऱ्या प्रश्नाला दिलं.

इतिहासप्रेमी

३०२ आता १०३ झालंय ताई, भारतीय न्याय संहिता. बाकी मान्य.

सई_म्हणे

सगळा धागा वाचला. फादर, बिशप, कार्डिनल, पोप, अक्वायनस. यातल्या एकाला तरी गर्भाशय होतं का? चालू द्या.

खडूस

सई +१. आता धाग्याला दोनशे प्रतिसाद नक्की.

डॉ_प्राजक्ता

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. कॅथलिक नाही. शिकून बाहेर पडल्यावर अडीच वर्षं सिस्टर लोकांच्या एका मिशन हॉस्पिटलमध्ये नोकरी केली. तिथे एमटीपी (कायदेशीर गर्भपात) होत नसे. पेशंट आली तर सरकारी रुग्णालयात जा म्हणून सांगायचं, हे मला रुजू होतानाच कळलं होतं आणि मला ते खटकायचं. सई, तुझा राग मला समजतो.

पण एक रात्र सांगते. दोन वाजता एक पोरगी आली. ओठ पांढरे, नाडी हाताला लागेना, पोट फुगून टणक. नळीतला गर्भ फुटलेला. मी नवखी, मनात धाकधूक, की आता या सिस्टर काय म्हणतायत? तेवढ्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर रक्ताच्या दोन बाटल्या काखेत ऊब द्यायला धरून आली आणि माझ्यावर खेकसली, "डॉक्टर, वाट कसली बघताय?" नळी काढली. पोरगी वाचली. सकाळी चहा पिताना सिस्टरने शांतपणे समजावलं: आजारी नळी काढणं हा उपचार, त्यात गर्भ जातो हा नको असलेला परिणाम. याला त्यांच्याकडे दुहेरी परिणामाचं तत्त्व म्हणतात. गर्भाशयाच्या कर्करोगातही तेच. नळी न फुटलेल्या केसमध्ये मेथोट्रेक्सेटचं (गर्भाची वाढ थांबवणारं) इंजेक्शन चालेल का, यावर मात्र त्यांच्या धर्मपंडितांतच एकमत नाही.

हे मी का सांगतेय? तर 'चर्च म्हणतं आई मेली तरी चालेल' असं बोलणारे पुढारी मी टीव्हीवर दोन्ही बाजूंना बघितलेत. एक बाजू घाबरवायला, दुसरी अभिमानाने. शिकवण तशी नाही. अज्ञान असेल तर ते हे आहे.

बेळगावी_कुंदा

डॉक्टर, तुमचा मान ठेवून. आमच्या बेळगावच्या मुलीला हे सांगा.

सविता हलप्पनवार. दंतवैद्य, ३१ वर्षांची, आयर्लंडमध्ये गॉलवेला. ऑक्टोबर २०१२, सतरावा आठवडा. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांनीच सांगितलेलं. ती गर्भपात मागत राहिली. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून नाही म्हणाले. जंतुसंसर्ग रक्तात भिनला आणि २८ तारखेला गेली. 'हा कॅथलिक देश आहे' हे वाक्य आपण बोललो, असं तिथल्या सुईणीने चौकशीत कबूल केलं. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या गल्लीत लोक हातात पेपर घेऊन नुसते उभे होते. कुणाला तावातावाने बोलायचंही सुचत नव्हतं. सजवलेली, हसरी मुलगी. तो फोटो आठवतोय ना सगळ्यांना?

दुहेरी परिणामाचं तत्त्व तेव्हा कुठे गेलं होतं?

डॉ_प्राजक्ता

याला माझ्याकडे उत्तर नाही. तिची केस आम्ही अजून ज्युनिअर्सना शिकवतो. सेप्सिस वेळेत ओळखला नाही, हा त्यातला एक भाग. दुसरा भाग कायद्याच्या भीतीचा.

वसईवाली

@बेळगावी_कुंदा, मी इथे चर्चची वकिली करायला आलेले नाही, आणि सविताच्या बाबतीत करणारही नाही.

फक्त धाग्याच्या विषयापुरतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये आयर्लंडच्या बिशपांनी पत्रक काढलं की आईच्या जिवापेक्षा गर्भाचा जीव वरचढ मानावा असं चर्चने कधीही शिकवलेलं नाही. बातमी फुटून गेल्यावर! १९८३ ला राज्यघटनेत आठवी दुरुस्ती घालून आई आणि गर्भ यांचा जगण्याचा हक्क समान केला, चर्चने त्या मोहिमेला पाठबळ दिलं, आणि पुढची एकोणतीस वर्षं वॉर्डातल्या डॉक्टरला समान म्हणजे रात्री दोन वाजता काय, हे कुणी नीट सांगितलं नाही. पत्रकातलं वाक्य खरं आहे. ते वाचून मला लाज वाटली होती.

मालूताई_न्यूजर्सी

सवितानंतर २०१३ ला जो कायदा आला, त्या वेळी पंतप्रधान एंडा केनी सभागृहात म्हणाले की मी कॅथलिक असलेला पंतप्रधान आहे, कॅथलिक पंतप्रधान नाही. जुन्या लोकांना लगेच जॉन केनेडी आठवले. १९६० ला ह्यूस्टनच्या प्रोटेस्टंट पाद्र्यांसमोर त्यांनी जवळपास हेच म्हटलं होतं. आणि २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्क्यांनी आठवी दुरुस्ती काढली. सविताच्या वडिलांनी बेळगावातून आयरिश मतदारांना 'हो' म्हणा असं आवाहन केलं होतं.

बेळगावी_कुंदा

हो. ते आम्हीही वाचलं होतं.

वसईवाली, राग तुमच्यावर नव्हता.

गोंयकार_पुण्यात

विषय थोडा हलका करतो. मी मडगावचा, पुण्यात नोकरी. गोव्यात ख्रिस्ती पंचवीस टक्के, आमदारांत किती तरी कॅथलिक. पण उमेदवार गर्भपाताबद्दल काय म्हणतो, हे आयुष्यात एकदाही कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. मीसनंतर चर्चच्या पायरीवर राजकारण होतं ते कोळसा, खाण, कॅसिनो आणि कोणाच्या शेताचं रूपांतर कोणी केलं याचं. कुमगार (कम्युनियन) नाकारायचं ठरवलं तर जमिनी विकल्याबद्दल अर्धी रांग रिकामी होईल.

वसईवाली

वसईतही तेच. आमच्याकडे पाणी आणि हिरवा पट्टा. फादर दिब्रिटोंच्या मागे लोक रस्त्यावर उतरले ते त्यासाठी.

चहाबाज

कारण आपल्याकडे तो प्रश्न १९७१ लाच संसदेत संपला. आणि शिफारस करणारी समिती कुणाची? शांतिलाल शहा, महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. १९६४ ला समिती, १९६६ ला अहवाल. तेव्हा चर्चा लोकसंख्या आणि असुरक्षित गर्भपातात जाणारे जीव यांची. हक्क हा शब्दच नव्हता. जाता जाता, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारंही पहिलं राज्य आपलंच, १९८८.

प्रश्नचिन्ह

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक

दोन प्रतिसाद उडवले आहेत. कुठल्याही धर्माच्या लोकसंख्येचा हिशोब या धाग्यावर नको. पुढे चला.

निनाद_शिकागो

बाप रे, दोन दिवस इकडे फिरकलो नाही तर केवढा पसारा. वसईवाली, तो वरचा मजला राहिलाच. कायदे करणाऱ्याने काय करायचं?

वसईवाली

हो, विसरले. पोप जॉन पॉल दुसरे यांचं १९९५ चं परिपत्रक, 'इव्हांजेलियुम विते'. त्यातला परिच्छेद ७३ वाच. गर्भपाताला परवानगी देणाऱ्या कायद्याला मत देणं किंवा त्याचा प्रचार करणं चालणार नाही, हे स्पष्ट आहे. म्हणजे कुओमोंचा युक्तिवाद चर्चच्या हिशोबात बसत नाही. पण पुढे असंही आहे: पूर्ण बंदी आणणं शक्यच नसेल, आणि त्या माणसाचा स्वतःचा विरोध सगळ्यांना माहीत असेल, तर नुकसान कमी करणाऱ्या अर्ध्यामुर्ध्या कायद्याला तो मत देऊ शकतो. तडजोडीला जागा ठेवलेली आहे. 'सगळं किंवा काहीच नाही' म्हणणारे कट्टरही हा परिच्छेद वाचत नाहीत.

आणि मतदाराबद्दल २००४ मध्ये, जॉन केरी (तेही कॅथलिक) अध्यक्षपदाला उभे होते तेव्हा, कार्डिनल रॅट्झिंगरनी (पुढचे पोप बेनेडिक्ट) अमेरिकन बिशपांना एक टिपण पाठवलं होतं. गर्भपाताच्या बाजूचा उमेदवार त्या कारणासाठी निवडणं हे पाप. पण दुसऱ्या तोलामोलाच्या कारणासाठी त्याला मत दिलं तर ते चालू शकतं. तुझ्या मित्राला विचार, हे कधी ऐकलंय का.

मालूताई_न्यूजर्सी

२००४! केरी कुठल्या चर्चमध्ये जातात, तिथले फादर त्यांच्या जिभेवर प्रसाद ठेवतात की हात आखडता घेतात, हे बघायला पत्रकार मागच्या बाकांवर बसायचे. बिचाऱ्याला डोळे मिटून प्रार्थनाही करता आली नसेल.

इतिहासप्रेमी

त्या परिच्छेद ७३ ला शब्दशः जागलेला एकच राज्यकर्ता मला माहीत आहे, तोही परिपत्रकाच्या पाच वर्षं आधीचा. बेल्जियमचे राजे बॉदुएं. संसदेने गर्भपाताचा कायदा केला, राजा म्हणाला माझ्या सदसद्विवेकाला सही जमणार नाही. मग ४ एप्रिल १९९० ला मंत्रिमंडळाने राजा राज्य करण्यास असमर्थ असल्याचं जाहीर केलं, मंत्र्यांनीच सह्या केल्या आणि ५ तारखेला संसदेने त्यांना पुन्हा गादीवर बसवलं. सही केली नाही, कायदाही अडवला नाही.

खडूस

एक दिवसाची सिक लीव्ह. मेडिकल सर्टिफिकेट साक्षात मंत्रिमंडळाचं.

सई_म्हणे

हे मात्र आवडलं. स्वतःचा हात मागे घेतला, दुसऱ्याचा धरला नाही.

चहाबाज

पण मग फाशीचं काय? चर्चने २०१८ मध्ये धर्मशिक्षणाच्या ग्रंथात बदल करून फाशी अजिबात ग्राह्य नाही असं लिहिलं. फाशीला पाठिंबा देणाऱ्या कॅथलिक रिपब्लिकनांना कुणी रांगेतून बाहेर काढलं?

खडूस

थाळीतलं आवडतं ते खायचं, कारलं पानाच्या कडेला सरकवायचं. डावीकडच्याचं कारलं वेगळं, उजवीकडच्याचं वेगळं.

वसईवाली

चर्चच्या लेखी दोन्ही एका वजनाची नाहीत. गर्भपात नेहमीच चूक, फाशीचा विचार हळूहळू बदलत आला. पण टोमणा लागला. डर्बिन प्रकरणात नवे पोप लिओ (निनाद, तुमच्या शिकागोचेच) हेच म्हणाले: गर्भपाताला विरोध आणि फाशीला पाठिंबा, म्हणजे माणूस खरा जीवनाच्या बाजूचा नव्हे. स्थलांतरितांना अमानुष वागवणाऱ्यांचंही नाव त्याच दमात घेतलं. त्याच दिवशी, ३० सप्टेंबरला, डर्बिन माघारी फिरले.

निनाद_शिकागो

आज जेवणाच्या सुट्टीत मित्राला तो परिच्छेद ७३ फोनवर दाखवला. सँडविच खाली ठेवून दोनदा वाचला. म्हणाला, बारा वर्षं कॅथलिक शाळेत काढली, हे कुणी दाखवलं नाही. मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "डर्बिनने वाचलं असेल का?" मी म्हटलं, तुझाच सिनेटर, पत्र टाकून विचार.

अवांतर: त्याने त्याच्या मुलीच्या फर्स्ट कम्युनियनला बोलावलंय, मे महिन्यात. मी रांगेत जायचं की बसून राहायचं? आणि भेट काय न्यावी?

वसईवाली

बसून राहिलास तरी कुणी काही म्हणत नाही. गेलास तर छातीवर हातांची फुली कर, अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी फादर नुसता आशीर्वाद देतात. जपमाळ नेऊ नकोस, तिला पाच-सहा आधीच मिळतील. चांगलंसं गोष्टींचं पुस्तक ने. आणि जेवताना डर्बिनचं नाव काढू नकोस.

बेळगावी_कुंदा

पुस्तकाबरोबर कुंदा पण ने. पत्ता कळव, पाठवते.